आखाडातली जाड भाकरी

मला चौकशा फार. कुणाच्या घरी गेलं की माझी नजर आधी चुलीकडं जाणार. काय शिजतंय, कुणी टाकलंय, फोडणी कुणाच्या हातची. आई म्हणायची, "पोलिसात जायची सोडून ही माझ्या पोटाला आली." पुढं मी बी.ए. केलं, शाळेत शिकवलं, हजार पोरांच्या खोड्या पकडल्या. पण जन्मात एकच तपास मी शेवटापर्यंत नेला, आणि तो भाकरीवरून. त्याचीच ही हकिकत आहे.

सत्तरच्या दशकातलं कोल्हापूर. आमचं गाव हातकणंगल्याच्या जवळ. मी आणि गारगोटीकडची एका शिंप्याची मुलगी, अशा दोघी शाहूपुरीत एका बाईंच्या माडीवर खोली घेऊन राहायचो. खानावळ परवडायची नाही, म्हणून खेड्यातल्या बहुतेक पोरापोरींचा डबा घरून यायचा, एस.टी.नं. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांना सांगते. पहाटे घरी भाकऱ्या व्हायच्या. डबा भरून फडक्यात बांधायचा आणि गावातून जाणाऱ्या पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. तो डबा आपल्या शेजारच्या बॉनेटवर ठेवायचा, म्हणजे इंजिनाच्या उबेनं कालवण कोमट राहायचं. नवाच्या सुमाराला गाडी कोल्हापूरच्या स्टँडवर लागली की आम्ही सगळी ड्रायव्हरच्या दाराशी गर्दी करायचो. धुतलेला रिकामा डबा संध्याकाळी पाचच्या गाडीनं परत जायचा. पावती नाही, चिठ्ठी नाही. ड्रायव्हरला दिवाळीत घरचा फराळ दिला की वर्षाचं काम भागलं.

मी पहिल्या वर्षाला होते. एके दिवशी गाडीजवळ पोहोचायला उशीर झाला, तर एक उंच, सावळा पोरगा माझा डबा घेऊन निघालेला. अनोळखी माणसाला आमच्याकडं जी हाक मारतात तीच मी मारली.

"ओ पावणं, त्यो डबा माझा हाय."

"नाव लिवलंय व्हय त्याच्यावर?"

"लिवलंय की. तळाला बघा."

भांड्यावर घरातल्या थोरल्याचं नाव घालून घ्यायची आमच्याकडं रीत, त्यामुळं डब्याच्या तळाला माझ्या आज्ज्याचं नाव होतं. त्या शहाण्यानं नाव वाचायला डबा सरळ उलटा केला. आमटीचा ओघळ त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरून पार पायजम्यापर्यंत गेला. मी हसले नाही, असं मी त्याला पुढं वर्षभर सांगत होते. खरं तर मी इतकी हसले की ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, काय झालं बाई.

दुसऱ्या दिवशी तो आपला डबा घेऊन थांबला. म्हणाला, "काल तुमचं कालवण सांडलं. आज माझ्यातलं घ्या." त्याचं गाव जयसिंगपूरच्या पुढं, गाडी तीच. आणि गंमत बघा, दोघांचेही डबे जयसिंगपूरच्या बाजारातले, तीन कप्प्यांचे, एकाच मापाचे. त्यामुळं चुकामूक झाली होती, आणि त्यामुळंच पुढचं सगळं सोपं झालं. भाकरीचा वरचा कप्पा काढायचा, त्याचा माझ्या डब्यावर, माझा त्याच्या डब्यावर. बसायचं ना टेकायचं, चौकशीच्या खिडकीमागं उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटाचं काम. संध्याकाळी पाचला धुतलेले कप्पे परत आपापल्या डब्यावर. त्या काळी पोरगा-पोरगी एका बाकावर बसून जेवली असती तर जेवण पचायच्या आत गावाला कळलं असतं. म्हणून तो आपल्या मित्रांत बसून माझी भाकरी खायचा आणि मी आमच्या माडीवर बसून त्याची.

भाकरीवरून माणूस कळतं, हे मी तुम्हाला स्वतःच्या अनुभवानं सांगते. थापणारीच्या बोटांचे ठसे भाकरीवर उमटतात, भाजल्यावरही पुसत नाहीत. त्याच्या भाकरीवरची बोटं रुंद होती, दमलेली. कडा जाड, मध्ये कच्चा ठिपका, घाईत पाठ करपलेली. त्यानं सांगितलं होतं, आईला मळ्यातलं बघून सगळं करावं लागतं. आईला अक्षर येत नाही, अंगठा उठवते, हेही त्यानंच सांगितलेलं. मी ती जाड भाकरी कडेपासून चावून खायची आणि त्याच्याविषयी विचार करायची. ती शिंप्याची मुलगी, माझी मैत्रीण, एकदा म्हणाली, "तुझं मन त्याच्यावर हाय का त्याच्या डब्यावर, ते एकदा ठरव गं." मी तिला पाणी फेकून मारलं.

मला तो हवा होता. हे वाक्य त्या वेळी मी स्वतःशीसुद्धा म्हणत नव्हते, आता सत्तरी ओलांडल्यावर कसली लाज. कप्पा देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची, तेवढ्यावर माझे मराठीचे दोन तास वाया जायचे. त्याच्या मनगटावरचे केस, बाही दुमडायची पद्धत, घामाचा आणि साबणाचा वास. वर्गात सर शृंगाररस शिकवायचे. मला वाटायचं, ह्यांना काय माहीत, ह्यांनी एस.टी. स्टँड बघितलंय का कधी.

आता घरची गोष्ट. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कॉलेजात घातलं ते भावकीचा विरोध पत्करून. घालताना एकच सांगितलं होतं. "एक शब्द जरी कानावर आला तर दुसऱ्या दिवशी तुझी वळकटी घरी." आबा बोलायचे थोडं, पण केलं म्हणजे केलं. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात भावाचं लग्न झालं आणि त्या मांडवातच माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलगा मास्तर, चांगला होता बिचारा. मी म्हटलं, एवढ्यात नको. आबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबतो. दिवाळीला व्हय का न्हाय सांग, आणि न्हाय असंल तर का न्हाय ते बी सांग."

मी मनाशी ठरवलं की दिवाळीला आबांसमोर ह्याचं नाव काढायचं. जातीचा प्रश्न नव्हता, तो आमच्यातलाच. प्रश्न एवढाच, की पोरीनं आपल्या तोंडानं नाव काढलं म्हणजे कॉलेज त्या दिवशी संपलं. लग्न ठरलं तर एक वेळ चालेल. पण मी नाव काढायचं आणि त्यानं मागं सरायचं, असं झालं तर? कॉलेज गेलं, अब्रू गेली, आणि मास्तरांचं स्थळही गेलं. म्हणून मला खात्री हवी होती. त्याला विचारलं की तो म्हणायचा, "घरी सांगतो की. बघू." हा 'बघू' शब्द ज्यानं काढला त्याला एकदा गाठायचंय मला.

आणि जूनमध्ये, कॉलेज उघडलं त्याच आठवड्यात, भाकरी बदलली.

कप्पा उघडला आणि मी बघतच राहिले. शाळूची पांढरी भाकरी, पदरासारखी पातळ, कड आणि मध्य सारखाच. घडी घातली तरी मोडत नव्हती. तीनच्या जागी पाच भाकऱ्या. कोपऱ्यात केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधलेला खर्डा, आणि वर शेंगदाण्याचा एक लाडू. ठशांची बोटं बारीक. पण तेव्हा मी बोटांकडं नीट बघितलंच नाही. जी बाई कुणाच्याही चुलीकडं बघते ती स्वतःच्या ताटाकडं बघताना आंधळी झाली. मला वाटलं, यानं सुट्टीत घरी सांगितलं. त्याच्या आईला कळलं की कोल्हापुरात एक पोरगी आपली भाकरी खाते, म्हणून तिनं हात सावरून केली, दोन जास्त घातल्या आणि लाडू ठेवला. आमच्याकडं बायका असंच बोलतात. तोंडानं 'पसंत आहे' म्हणत नाहीत, ताटात वाढतात.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "ह्या दोन जास्तीच्या माझ्यासाठी धाडल्यात?"

तो माझ्याकडं न बघता कप्पा बसवत होता. म्हणाला, "व्हय की."

संपलं. त्या दोन शब्दांवर मी अख्खा जून महिना काढला. मैत्रिणीला लाडवातला अर्धा दिला आणि म्हटलं, सासूच्या हातचा आहे, जपून खा. आरशात बघून कुंकू कसं दिसेल ते बघितलं. दिवाळीला आबांना कुठल्या शब्दांत सांगायचं तेसुद्धा वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं.

मग आखाड लागला. आषाढाला आमच्याकडं आखाड म्हणतात, आणि नव्या नवरीनं पहिल्या आखाडात सासरी राहायचं नाही, सासूचं तोंड बघायचं नाही, अशी रीत. महिनाभर तिनं माहेरी जायचं, आणि बहुतेक जणी नागपंचमी करूनच परत यायच्या. आमची वहिनीही गेली. तिच्या हातची भाकरी चांगली, ती गेल्यावर आईच्या हातची पुन्हा जाड यायला लागली. माझी भाकरी तो खात होता, तेव्हा त्याच्या लक्षात येणारच.

"तुझ्या भाकरीला काय झालंय?" त्यानं विचारलं.

"वहिनी आखाडाला माहेरी गेलीया. आता आईच्या हातची खा."

यावर तो हसला नाही. बाही उगाच खाली-वर केली आणि "तास हाय मला" म्हणून निघून गेला. मी माडीवर येऊन त्याचा कप्पा उघडला. जाड भाकरी. रुंद बोटांची, पाठ करपलेली, तीनच. खर्डा नाही, लाडू नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला चिडवलं, "तुझ्या आईला बी आखाड लागला व्हय रं?" थट्टा केली हो नुसती. तो म्हणाला, "मळ्यात भांगलण चाललीया, तिला येळ न्हाय." मला ते पटलं. माणसाला जे पटवून घ्यायचं असतं ते लगेच पटतं, आणि माझ्यासारख्या चौकशीखोर बाईला तर जास्तच लवकर. फक्त मनात कुठंतरी खडा राहिला. रोज भाकरी चावताना तो लागायचा.

पंचमी झाली. पंचमीनंतरच्या मंगळवारी माझ्या डब्यात पातळ भाकरी आली, म्हणजे वहिनी आली. त्याच आठवड्यात, गुरुवारी, त्याच्या कप्प्यात पातळ भाकरी, पाच, आणि केळीच्या पानात खर्डा.

मी ती भाकरी उजेडात धरली. बारीक बोटं. लांबट, तरणी. चारही बोटांचे ठसे अगदी शेजारी शेजारी, आमच्या वहिनीसारखे. मैत्रीण समोर जेवत होती, तिनं विचारलं, "काय बघतीस?" मी म्हटलं, काही नाही, खडा आहे का बघते.

रविवारी गावी गेले. चुलीपुढं वहिनी थापत होती, मी तिच्या शेजारी बसले. माझ्याहून दीड वर्षानं मोठी, पण डोक्यावर पदर आणि हातात हिरवा चुडा. मी सहज बोलल्यासारखं बोलले. "वहिनी, आखाडात आमचं डबं पार बिघडलेलं बघ. माझ्या एका मैत्रिणीची भाकरी बी जाड यायची."

"तिच्यातबी नवी सून आली असंल यंदा," वहिनी भाकरी तव्यावर टाकत म्हणाली. "आखाडात सासवांना कळतं, सून काय असती ती."

ती हसली आणि मीही हसले. म्हटलं तर त्याला भाऊ असेल, भावाची बायको असेल. पण तो एकुलता एक मुलगा, पाठीवर चार लहान बहिणी, हे मला पक्कं माहीत होतं. सगळ्यांत धाकटीला त्यानं खांद्यावर बसवून जोतिबाला नेलं होतं, तेही मला माहीत होतं. मला त्याच्याबद्दल सगळं माहीत होतं आणि हे एवढं माहीत नव्हतं.

इतकं कळूनही मी काय केलं? पुढच्या शनिवारी तो म्हणाला, "आज घरी जात न्हाय. रंकाळ्याला येतीस?" आणि मी गेले. वर्षभरात पहिल्यांदा आम्ही दोघं एकटे. विचारायचं ठरवून गेले होते. शालिनी पॅलेसच्या बाजूला, गर्दी नाही अशा कट्ट्यावर बसलो. त्यानं माझा हात हातात घेतला. उन्हं कलली होती, पाण्यावरून वारा येत होता, आणि त्याच्या तळव्याला मळ्यातले घट्टे होते, ते मला लागत होते. मी प्रश्न गिळला. मला तो हात हवा होता, बस्स. अर्धा तास त्यानं तो धरला आणि मी धरू दिला. तो अर्धा तास मी आजही कुणाला द्यायला तयार नाही. पण तो माझा नव्हता, ते पुढं कळलं.

माडीवर परत आल्यावर स्वतःचाच राग आला. काय गं बाई तू, म्हटलं, जगाच्या चुलीत डोकावतेस आणि स्वतःच्या वेळी डोळे मिटतेस? त्याला विचारलं तर तो 'बघू' म्हणेल, नाहीतर 'व्हय की' म्हणेल. मग ज्या हातानं भाकरी केली त्यालाच विचारायचं. सोमवारी संध्याकाळी कप्पा धुतला, कोरडा केला, आणि वहीतल्या कागदाच्या तुकड्यावर ठळक अक्षरात लिहिलं. 'भाकरी लई चांगली असती. कोण करतं?' खाली नाव नाही. माझा हिशोब सरळ होता. आईला अक्षर येत नाही. आईनं केली असेल तर चिठ्ठी चुलीत जाईल आणि उत्तर येणार नाही. उत्तर आलं, तर ते उत्तर आलं हेच माझं उत्तर.

चिठ्ठी घालून झाकण लावलं, स्टँडवर जाऊन कप्पा त्याच्या हातात दिला. त्यानं तो डब्यावर बसवला, फडकं बांधलं आणि डबा बॉनेटवर ठेवला. गाडी गेली.

मंगळवारी काही आलं नाही. मला इतका आनंद झाला की मी मैत्रिणीला चहा पाजला. आई, आईच करते, मी म्हटलं. बोटं बारीक असतील तिची, मी काय मापं घेतलीत का.

बुधवारी भाकरीखाली, फडक्याच्या घडीत, माझाच कागद होता. उलट्या बाजूला शिसपेन्सिलीनं मोठाली, वाकडी अक्षरं, ओळी खाली खाली उतरत गेलेल्या. काही ठिकाणी पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटलेला. त्यातला शब्दन् शब्द मला पाठ आहे.

'मीच करतीया. ठावं आसून इचारता व्हय. लगीन झाल्यापास्नं आज पयल्यांदा कायतर इचारलंसा. सासूबाय म्हणत्यात दोन जास्त घाल, मानूस वाळाय लागलंय. शनवारी गाडी बघितली, आला न्हाईसा. पुरनाचं केलं हुतं. ह्या शनवारी या. चवथीपातूर शिकली हाय म्हणून आक्षर आसं, हसू नगा. काल दिवसभर लिवत हुते.'

तिला वाटलं होतं, तिच्या नवऱ्यानं विचारलंय.

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला फक्त एवढंच कळलं, की माझं संपलं. दुसऱ्यांदा मला त्याचा असा संताप आला की तो समोर असता तर डबा डोक्यात घातला असता. आणि तिसऱ्यांदा वाचताना शनिवार दिसला. ती दारात उभी राहून गाडी बघत होती, आणि त्याच वेळी तिच्या नवऱ्याचा हात रंकाळ्यावर माझ्या हातात होता. मग मी रडले. मैत्रिणीनं चिठ्ठी वाचली, माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाली, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं. तिच्या चिठ्ठीचं कोण देणार?"

त्या दिवशी मी जेवले मात्र. ती भाकरी टाकवेना.

पाचला स्टँडवर गेले. तो नेहमीसारखा खिडकीमागं उभा. मी कप्पा दिला नाही, चिठ्ठी दिली. त्यानं आधी माझी बाजू वाचली, मग उलटून तिची. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. मला वाटलं होतं, तो नाकारेल, मग मी म्हणेन, हे अक्षर बघ. पण तो नाही म्हणाला नाही.

"दादांनी वैशाखात उरकलं," तो म्हणाला. दादा म्हणजे त्याचे वडील. "मला कुणी इचारलंच न्हाय. मला सांगायचंच हुतं तुला."

"कवा? दिवाळीला मी आबांपुढं तुझं नाव काढल्यावर?"

"तू नाव काढणार हुतीस?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. इतक्या महिन्यांत मी त्याला तेवढं सांगितलं नव्हतं, आणि त्यानं मला हे सांगितलं नव्हतं. एकमेकांच्या भाकऱ्या खाण्यापलीकडं आम्ही केलं काय होतं? माझा राग तिथं थोडा उतरला. पूर्ण नाही, अजूनही नाही. "तुला कुणी इचारलं न्हाय, ठीक हाय," मी म्हटलं. "तिला तरी कुणी इचारलं हुतं का? ही चिठ्ठी तिनं दिवसभर लिवलीया. हिला उत्तर लिही."

"आता?"

"आता. गाडी सुटायला धा मिनिटं हायत."

मी वहीतला कागद फाडून दिला, पेन दिलं. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून तो उभा राहिला. एम.ए.ला जायची स्वप्नं बघणारा पोरगा, वादविवादात ढाली जिंकलेला, आणि बायकोला लिहायला एक ओळ सुचेना. शेवटी मान वर करून त्यानं माझ्याकडं बघितलं.

"काय लिहू?" त्यानं विचारलं. मला विचारलं.

"भाकरी चांगली असती म्हणून लिही," मी म्हटलं. "ते तरी खरं हाय. दीड महिना मी खाल्लीया, मला ठावं हाय. डब्यातली तर तू अजून चाखली बी न्हाईस."

त्यानं लिहिलं.

"आणि?"

"शनिवारी येतो म्हणून लिही."

तेही लिहिलं. अक्षर सुरेख होतं त्याचं. मी ते बघितलं, कागद माझ्या हातानं दुमडला, तिच्या कप्प्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. माझा कप्पा मी त्याच्या डब्यावरून काढून घेतला. त्यानंतर आम्ही कप्पे बदलले नाहीत.

दिवाळीचं आत्ताच सांगून टाकते. आबांनी ओसरीवर बोलावून विचारलं. मी म्हटलं, "न्हाय. मला शिकायचंय." आबा म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं नाव न्हाय न्हवं मनात?" मी म्हटलं, न्हाय. आबा म्हणाले, शिक मग. वळकटी कोल्हापुरातच राहिली. मी खोटं बोलले नव्हते, आणि त्याचंच वाईट वाटत होतं. माजघरात आले तर वहिनी करंज्या वळत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "वहिनी, तुझ्या हातची भाकरी लई चांगली असती." ती हातातली करंजी तशीच धरून माझ्याकडं बघायला लागली. घरात येऊन सहा महिने झाले होते, तिला हे कुणी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

पण त्या आधीचा तो शनिवार सांगायचा राहिला. पाचला मी माझा डबा घेऊन स्टँडवर गेले. वाटलं होतं, तो जाणार नाही, पुन्हा 'बघू' म्हणेल. गाडी भरत होती. तो डावीकडच्या खिडकीशी बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून. स्वतःच निघाला होता, म्हणून डबा बॉनेटवर दिला नव्हता, मांडीवर धरला होता. त्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली. मीही त्याला हाक मारली नाही.

ड्रायव्हरनं माझा डबा घेतला, बॉनेटवर ठेवला आणि सवयीनं दुसऱ्यासाठी हात पुढं केला.

"आज एकच व्हय?" त्यानं विचारलं.

"एकच," मी म्हटलं.